एकट्याचे गाणे आणि चार ट्रॅकची कॅसेट

१९८४ साली गोव्यातल्या शिवोली गावचा एक तिशीतला माणूस पिवळ्या स्कूटरवर कॅसेटचे गठ्ठे घेऊन दुकानोदुकानी हिंडत होता. कॅसेटचे नाव होते 'गोवन क्रेझी'. तीवरची गाणी त्यानेच लिहिलेली, चाली त्याच्याच, आवाज त्याचा, वाद्ये सगळी त्याने एकट्याने वाजवलेली. ध्वनिमुद्रण राहत्या घरात, तेही त्याचेच. वेष्टनाची आखणीसुद्धा त्यानेच केलेली. मुंबईच्या कंपन्यांनी ती गाणी घ्यायला नकार दिला होता, म्हणून विक्रेताही तोच झाला. या माणसाचे नाव रेमो फर्नांडिस.

आमच्या व्याख्यानमालेत संत, शरण, निजामी राजवट, सीमाभागातील शाळा अशा विषयांची रीत आहे. बहुतेक गाणी इंग्रजीत म्हणणाऱ्या गोवेकराचे आळंदच्या मराठी श्रोत्यांपुढे काय काम, असे मला दोघांतिघांनी विचारले. त्यांना तोंडी जे सांगता आले नाही ते इथे सविस्तर मांडतो. रेमोच्या त्या कॅसेटमध्ये आपल्याच मुलखातल्या एका जुन्या गोष्टीचा धागा आहे आणि तो पकडायला थोडे मागे जावे लागते.

गाणे रचणारा, त्याला चाल लावणारा आणि ते गाणारा हा एकच माणूस असणे यात आपल्या भागात कोणाला नवल वाटले नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरचे माणिकप्रभू (१८१७–१८६५) घ्या. त्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदुस्थानीतही आहेत. पद सुचले की ते गाण्यातच सुचत असे. आधी कागदावर कविता आणि मग कोणी संगीत देणारा, असा प्रकार नव्हता. जेवरगीकडच्या कडकोळ मडिवाळप्पांची तत्त्वपदेही तशीच. मडिवाळप्पांच्या शिष्यांत निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे होती आणि त्यांनीही पुढे स्वतःची पदे रचली. साधन काय, तर एकतारी. एक भोपळा, एक दांडी, एक तार. उजव्या हाताच्या बोटाने तार छेडायची, जमल्यास दुसऱ्या हातात चिपळ्या. दोन्ही हात गुंतले, तोंड मोकळे, आणि मंडळी नसली तरी भजन उभे राहते. रात्री शेताच्या राखणीला बसलेला माणूससुद्धा ते करू शकतो. मी 'एकट्याचे गाणे' म्हणतो ते हे.

या गाण्याची फाटाफूट झाली ती ध्वनिमुद्रिकेने. १९०२ साली गाइसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्याला आला आणि गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला. तबकडीच्या एका बाजूला तीन-चार मिनिटे मावत. पाऊण तास चालणारे, मध्येच निरूपण करणारे, श्रोत्यांना टोकणारे पद तीन मिनिटांत बसवायचे कसे? जे बसले तेवढे छापले गेले. शिवाय तबकडी काढणे खर्चाचे काम, म्हणून कोणाचे गाणे घ्यायचे हे कंपनी ठरवू लागली. कंपनीला हुकमी शब्द हवेत, हुकमी चाल हवी, तयार गळा हवा. तीन कामांना तीन माणसे आली आणि गीतकार, संगीतकार, गायक हे तीन शब्द आपल्या तोंडी बसले.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. या वाटणीतून मराठीला जे मिळाले ते अपूर्व आहे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, फडक्यांच्या चाली आणि वेगवेगळे गायक, अशी छप्पन गाणी झाली. एकट्या माणसाच्या हातून हे झाले नसते. पण जो स्वतः रचतो आणि स्वतःच गातो, त्याच्यासाठी या व्यवस्थेत खुर्ची उरली नाही. तो रस्त्यावर, जत्रेत, सभेत राहिला. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे याचे मोठे उदाहरण. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस आयुष्यभर गावोगाव फिरला, गाणी लिहिली आणि आपल्या तोंडाने लोकांना ऐकवली. कॅसेटचे दिवस आले तेव्हा त्यांची गाणी घरोघर वाजली, पण बहुधा दुसऱ्यांच्या आवाजात.

कॅसेट १९६३ ची. फिलिप्स कंपनीने ती काढली. आपल्या खेड्यांपर्यंत ती पोचायला पंधरा-वीस वर्षे लागली. आखातात कामाला गेलेल्या लोकांनी जपानी 'टू-इन-वन' आणले, मागून देशी यंत्रे आली, आणि १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत बाजार पालटला. एचएमव्हीचे राज्य संपून टी-सिरीजसारख्यांचे आले. आमच्याकडे 'कॅसेट भरून मिळतील' अशा पाट्या लागल्या. यादी लिहून द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी न्यायला जायचे. एका कॅसेटवर 'शोले'चे संवाद, उरलेल्या जागेत आरत्या, हे मी स्वतः पाहिले आहे.

ऐकणाऱ्याला कॅसेटने मोकळे केले ते असे. गाणाऱ्याला मोकळे केले ते दुसऱ्या एका यंत्राने, आणि त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. साध्या कॅसेटच्या फितीवर आडव्या रुंदीत चार ट्रॅक असतात, म्हणजे आवाजाचे चार अरुंद पट्टे. दोन या बाजूचे, दोन कॅसेट उलटल्यावर त्या बाजूचे. १९७९ साली जपानच्या टिॲक कंपनीने 'पोर्टास्टुडिओ' नावाचे यंत्र काढले, ते कॅसेट न उलटता चारही ट्रॅक एकाच दिशेने वापरत असे. फीतही दुप्पट वेगाने फिरे, म्हणजे आवाज अधिक स्वच्छ. तासाभराच्या कॅसेटवर त्यामुळे फक्त पंधरा मिनिटे मावत. पण त्या पंधरा मिनिटांत काय करता येई पाहा. पहिल्या ट्रॅकवर गिटार वाजवून घ्यायची. ती कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये ऐकत दुसऱ्यावर गायचे. तिसऱ्यावर बासरी, चौथ्यावर आपल्याच आवाजाची साथ. जागा संपली तर तीन ट्रॅक मिळून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा सुरुवात. असे उतरवताना दर वेळी थोडी खरखर वाढते, म्हणून किती वेळा करायचे याला मर्यादा. एकतारीवाल्याला दोन हात आणि एक तोंड होते. या यंत्राने त्याला आठ हात दिले. तरी माणूस एकच.

त्या यंत्राचे पहिले मोठे फळ गोव्यात आले नाही, अमेरिकेत आले. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा तिथला फार लोकप्रिय गायक, मागे दणदणीत बँड. १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी, भाड्याच्या घराच्या झोपायच्या खोलीत, त्याने या चार ट्रॅकच्या यंत्रावर नवी गाणी एकट्याने भरली. सोबत होता फक्त त्याच्या गिटारी सांभाळणारा मदतनीस. गिटार आणि आवाज आधी, मग हार्मोनिका, मँडोलिन वगैरे वरून. हेतू एवढाच की बँडला चाली कळाव्यात. कॅसेट त्याने डबीसुद्धा न घेता खिशात घालून काही आठवडे वागवली. पुढे बँडसह तीच गाणी स्टुडिओत करून पाहिली, आणि काहीतरी हरवले आहे असे सगळ्यांनाच वाटू लागले. शेवटी खिशातली ती कॅसेटच तबकडीवर उतरवायची ठरली. तिचा आवाज इतका बारीक होता की तंत्रज्ञ घायकुतीला आले. ३० सप्टेंबर १९८२ ला ती 'नेब्रास्का' या नावाने बाहेर पडली. दहा गाणी, बहुतेक कर्जात बुडालेल्या, नोकरी गेलेल्या, गुन्ह्यात सापडलेल्या माणसांच्या तोंडची. शीर्षकगीत तर १९५८ मधल्या एका खऱ्या खुनी तरुणावर आहे. हानेमानने एका वेळी एकच औषध द्या असे का सांगितले, हे मला रुग्णांपेक्षा 'नेब्रास्का' ऐकून जास्त पटले. हे आमच्या व्यवसायबंधूंनी हलकेच घ्यावे.

स्प्रिंगस्टीनला एकटे गाण्याची गरज नव्हती. त्याच्यापाशी कंपनी होती, बँड होता, पैसा होता. त्याने जे निवडले ते रेमोवर येऊन पडले होते. फरक मोठा आहे आणि म्हणूनच मला रेमोची कथा अधिक मोलाची वाटते.

रेमोचा जन्म १९५३ चा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा. मुंबईत वास्तुशास्त्र शिकला, पण घरे बांधण्यात रमला नाही. १९७७ ते १९८० मिळेल त्या वाहनाला हात दाखवत युरोप आणि उत्तर आफ्रिका फिरला, गात वाजवत. परत येऊन तो मुंबईत स्थायिक झाला असता तर त्याला कोणी वेडा म्हटले नसते. गाण्याचा धंदा तिथेच होता. तो शिवोलीला राहिला. गाणी गोव्याविषयी होती, तिथल्या माणसांची थट्टा करणारी, त्यांच्यावर माया करणारी. कंपन्यांनी नाही म्हटल्यावर त्याने घरी चार ट्रॅकचे यंत्र लावले आणि आधी सांगितले ते सगळे एकट्याने पार पाडले. 'नेब्रास्का'सारखी ती कॅसेट सुनी नाही. तिच्यात खोडकरपणा आहे, आवाजावर आवाज चढवलेले आहेत, एकटाच माणूस चार जणांची मंडळी असल्याचा आव आणतो. गिटार आणि बासरी या दोहोंवर त्याचा हात चांगला. काही ठिकाणी घरगुती मुद्रणाची कमतरता कानाला जाणवते, हेही सांगितले पाहिजे.

मला ती कॅसेट चार वर्षांनी म्हापशाच्या बाजारात मिळाली. वेष्टनावर एकच नाव पुन्हा पुन्हा छापलेले पाहून मी आधी हसलो होतो. मुक्कामाला परत येईपर्यंत हसू गेले.

इथे भाषेचा प्रश्न येतो. तो टाळला तर माझ्या श्रोत्यांना मी फसवले असे होईल. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे. वेगळे राहण्याच्या बाजूने उल्हास बुयांव गावोगाव गात फिरले. त्या गाण्यांनी कौल फिरवला असे मानणारे आजही गोव्यात भेटतात. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना तो निकाल रुचला नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, त्याची सल ताजी होती, आणि गोव्याने आपण होऊन दूर राहावे याचे त्यांना कोडे वाटे. मला तेव्हा कळायचे वय नव्हते. पुढे ४ फेब्रुवारी १९८७ ला गोव्याच्या विधानसभेने राजभाषा विधेयक मंजूर केले, देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा ठेवली गेली. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाले. 'गोवन क्रेझी' निघाली ती या रणधुमाळीच्या तोंडाशी. गोव्यात कोकणीवाले आणि मराठीवाले समोरासमोर उभे राहत होते, आणि हा माणूस इंग्रजीत गात होता.

मराठी वाचक म्हणून मला याचा राग यायला हवा होता का? काही काळ आला. मग १९८५ ची त्याची पुढची कॅसेट ऐकली, 'ओल्ड गोवन गोल्ड'. तीत त्याने गोव्याची जुनी गाणी घेतली, कोकणी आणि पोर्तुगीज. लग्नाकार्यात, घरच्या बैठकीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी ही गाणी नवी पोरे विसरू लागली होती. पहिल्या कॅसेटने स्वतःचे गाणे लोकांपर्यंत नेण्याची वाट सापडली आणि त्याच वाटेने तो आजीआजोबांचे गाणे घेऊन आला. माझे मत विचाराल तर या दोहोंतली दुसरी अधिक टिकाऊ आहे. पण पहिलीवाचून दुसरी झाली नसती. नंतर मोठ्या कंपन्या आल्या, श्याम बेनेगलांच्या 'त्रिकाल'मध्ये तो दिसला, 'जलवा'चे शीर्षकगीत देशभर वाजले, २००७ साली पद्मश्री मिळाली. ते सारे वृत्तपत्रांतून सर्वांना ठाऊक आहे, त्यात मी वेळ घालवत नाही.

आता आळंदकडे येतो.

१९८६ च्या पावसाळ्यात तालुक्यातल्या एका खेड्यातून एक म्हातारा माझ्याकडे दम्यासाठी येऊ लागला. शेतमजूर, अक्षरओळख नाही. दर गुरुवारी, बाजाराच्या ओळखीच्या ट्रॅक्टरवरून येई. एकदा एकतारी सोबत होती, कुठल्या तरी मठातून परतत होता. दवाखान्यात गर्दी नव्हती. मी म्हटले, काही म्हणा. त्याने म्हटलेले पद कोणाचे, असे विचारले तर मान खाली घालून म्हणाला, माझेच. पहिले कडवे कन्नडात, दुसरे मराठीत, आणि मध्ये दखनीची एक ओळ, ज्या दर्ग्याच्या उरुसाला तो लहानपणी जात असे तिथली. मुद्दाम केलेले मिश्रण नव्हते ते. आमचा बाजार ज्या भाषेत चालतो त्याच भाषेत तो गात होता. अशी पदे त्याच्यापाशी तीस-चाळीस होती. लिहिलेले एकही नाही.

पुढच्या गुरुवारी मी घरचा टू-इन-वन दवाखान्यात आणून ठेवला. औषधांच्या टेबलावर, बाटल्या बाजूला सारून. साठ मिनिटांची कोरी कॅसेट. दम्यामुळे तो दर पदानंतर थांबे, पाणी पिई. दोन्ही बाजू भरल्या, बारा पदे झाली. चार ट्रॅकचे यंत्र इथे काही कामाचे नव्हते. एक भोपळा, एक गळा, त्याला साधा टेप पुरून उरतो.

ज्यांनी कॅसेटचा काळ पाहिला त्यांना आठवत असेल: कॅसेटच्या पाठीला दोन कोपऱ्यांना प्लास्टिकचे दोन बारीक दात असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही, यंत्राचे लाल बटण दाबलेच जात नाही. पेनच्या टोकाने एका क्षणात मोडतात. मी ते मोडले नाहीत. कॅसेटवर नाव लिहिले नाही. घरातल्या इतर कॅसेटांत ती ठेवून दिली. दोन वर्षांनी घरात लग्न निघाले, मांडवात वाजवायला गाणी हवी होती, पोरांनी नाव नसलेली कॅसेट घेतली आणि दुकानात देऊन भरून आणली. मला कळले तेव्हा म्हातारा वारला होता. त्याच्या गावी जाऊन चौकशी केली. मुलीला दोन पदे अर्धी येत होती. मुलाला एकही नाही. त्याला वाटे, बाप दुसऱ्यांचीच पदे म्हणतो.

पोरांचा दोष नाही. नाव नसलेली कॅसेट कोरी समजायची असते. मी बारा पदे ऐकली होती, मला ती आवडली होती, तरीही दोन दात मोडण्याइतकी ती मोलाची आहेत असे माझ्या मनाने घेतले नव्हते. जतन करायचे ते लता मंगेशकरांचे, भीमसेन जोशींचे. आपल्या गावातल्या दमेकऱ्याचे कशाला. शिवोलीच्या माणसाला सगळ्या कंपन्या नको म्हणाल्या, तरी त्याने आपले गाणे ठेवण्यासारखे आहे असे धरून चालून स्कूटर काढली. आमच्या म्हाताऱ्याला कोणी नको म्हटले नव्हते. त्याला कोणी विचारलेच नव्हते, आणि ज्याने विचारले त्याने कॅसेटवर नावही लिहिले नाही.

यंदा व्याख्यानाची तयारी करताना जुन्या पेटीतून ती कॅसेट काढली. लग्नातल्या गाण्यांची म्हणून तिच्यावर आता नवरानवरीचे नाव आहे. यंत्र मिळवायलाच दोन आठवडे गेले. कलबुर्गीच्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याने रबराचा पट्टा बदलून एक चालू करून दिले. दुसऱ्या बाजूवर सनई, सिनेमाची गाणी, पुन्हा सनई. शेवटचे गाणे मध्येच तुटते, कारण दुकानदाराची यादी फीत संपण्याआधी संपली होती. मग एक खट आवाज. आणि त्यानंतर चार मिनिटे, जी कोणी पुसली नाहीत: एकतारी, एक अख्खे कडवे, दुसऱ्याची सुरुवात, खोकला, भांड्याचा आवाज. मग म्हातारा कन्नडात विचारतो, "आतेन्री?" म्हणजे झाले का. मी मराठीत म्हणतो, "अजून थोडी जागा आहे, म्हणा."